आरतीमुळे खिडकी बंद

महोदय,

मी सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचा भक्त आहे, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. पस्तीस वर्षे त्यांच्या गड्डा यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चाललो. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी जाऊन उभा राहतोच. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ कानावर आले की अजून अंगावर काटा येतो.

गेल्या आठवड्यात एका दाखल्यासाठी सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे ते एकटेच कार्यालय नाही. खिडकीवर पुठ्ठा टांगलेला : ‘आरतीमुळे कामकाज 11.30 पासून’. रांगेत पंचवीस-तीस माणसे. आत नवा संगमरवरी देव्हारा, त्याला विजेच्या माळा, आणि टाळ वाजत होते. शेजारच्या भिंतीवर वर्गणीची यादी चिकटवलेली. कर्मचाऱ्यांची नावे, नावांपुढे रकमा. दोन नावांपुढे नुसती रेघ होती. ती नावे कोणत्या समाजाची, हे रांगेतल्या प्रत्येकाला वाचता येत होते. त्यातला एक कर्मचारी त्याच यादीखाली मान खाली घालून फायली लावत बसला होता.

मी घरी आलो, पण ती रेघ काही डोळ्यांपुढून जाईना. कारण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी असल्या याद्या मीच केल्या आहेत.

मी सरकारी नोकरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे श्रावणात कार्यालयात सत्यनारायण घालायची पद्धत होती आणि त्यात मी पुढे असायचो. टेबले भिंतीला लावायची, मधे चौरंग, केळीचे खांब, मोठे पातेले भरून शिरा. एका वर्षी दुपारी तीनच्या सुमारास प्रसाद वाटत दारापर्यंत आलो, तर पायरीखाली एक म्हातारी बाई उभी. चपला काढून हातात धरलेल्या. बोटांची टोके तंबाखूने पिवळी पडलेली. विडी वळणारी आहे, हे सोलापूरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन ती सकाळी अकराला आली होती. मी म्हटले, ‘‘मावशी, आत का नाही आलात?’’ ती म्हणाली, ‘‘साब, अंदर पूजा है ना. मैं कैसे आऊँ? होने दो, मैं रुकती.’’

चार तास! विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे असते. पाने कातरली नाहीत, वळली नाहीत, तर संध्याकाळी कारखान्यात काय मोजून देणार? तिने प्रसाद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधला. तिला कोणी अडवले नव्हते. दारावर तशी पाटीही नव्हती. तरी ते दार आज आपले नाही, हे तिला बरोबर कळले होते, आणि ते दार तसे मी केले होते. ती मला रागावून बोलली असती तरी एवढे लागले नसते.

पुढच्या श्रावणापासून पूजा मी घरी घालू लागलो आणि सहकाऱ्यांना जेवायला बोलावू लागलो. काही जण नाराज झाले, साहेबही झाले. पण देव कुठे कमी झाला नाही.

‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द 1976 साली 42व्या घटनादुरुस्तीने मागून घातला, असे गेल्या आठवड्यात त्या कार्यालयात आरतीनंतर एका तरुण कर्मचाऱ्याने मला ऐकवले. उद्देशिकेत शब्द तेव्हा आला, हे खरे. पण कलम 27 तर 1950 पासून आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा जोपासनेसाठी खर्च होणारा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असे ते सांगते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे कलम 28 सांगते. मंत्र्याला शपथ ‘ईश्वरसाक्ष’ घेता येते किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ प्रतिज्ञा करता येते, आणि दोघांना खुर्ची तीच मिळते. त्या तरुणाला घरी, देवळात, रस्त्यात देवाचे नाव घ्यायचा हक्क आहेच, तो कलम 25ने दिला आहे. पण ती खिडकी त्याच्या घरची नाही. तिथले वीजबिल त्या विडीवाल्या बाईच्या काडेपेटीवरच्या करातूनही भरले जाते.

यावर कोणी पंढरपूर काढेल, म्हणून तेही लिहितो. आषाढी वारीच्या बंदोबस्तात मी अनेकदा ड्युटी केली. ‘65 एकर’ या वारकऱ्यांच्या तळावर पाण्याचे टँकर लावणे, शौचालये, औषधे, रुग्णवाहिका. लाखो माणसे एका गावात उतरतात तेव्हा पटकी पसरू न देणे हे सरकारचे कामच आहे. ती कशासाठी आली, हे विचारायचे नसते. भाविकांच्या तक्रारींमुळे 1973 साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपले. दर्शनाला येणाऱ्या गरिबाची नाडवणूक थांबवणे, हेही मी सरकारचे काम मानतो. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होणारी शासकीय महापूजा मात्र मला पटत नाही. त्यांनी विठ्ठलाला जरूर यावे, सहकुटुंब यावे; पण भक्त म्हणून यावे, आणि रात्रभर बारीत उभ्या असलेल्या माणसाला त्यासाठी थांबवू नये.

नियम सगळ्यांना एकच हवा. माझा एक मुसलमान सहकारी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत नमाजला जायचा आणि दोनच्या ठोक्याला टेबलावर हजर असायचा. डबा चार वाजता चहाबरोबर उघडायचा. त्याने कधी एका माणसालाही खिडकीवर ताटकळत ठेवले नाही.

निवडणुकीतही हेच. धर्माच्या नावावर मत मागणे हा 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे आणि 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध तीन मतांनी, मतदाराच्या धर्माचे आवाहनही त्यात धरले. आपल्याकडच्या प्रचारसभा ऐकून हे कोणाला खरे वाटेल का?

स्वातंत्र्यलढ्यातल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिली. दरवर्षी गड्ड्याच्या तोंडावर आपण चार हुतात्मा पुतळ्यांना हार घालतो. त्या चौघांच्या गावात, सरकारी भिंतीवर, दोन नावांपुढे रेघ ओढलेली यादी लागते, याची मला लाज वाटते.

वर्गणीची यादी भिंतीवरून काढावी आणि आरती कार्यालयीन वेळेत करू नये, एवढ्या दोनच मागण्यांचा लेखी अर्ज मी त्या कार्यालयाच्या प्रमुखांकडे दिला आहे. त्यात कोणाचीही तक्रार केलेली नाही. अर्जाची पोच घेतली आहे.

– एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, उत्तर कसबा, सोलापूर