‘ऑल सीझन पॉन्ड पॅक’मधले मासे थंडीत मेले, पैसे परत हवेत

नमस्कार कस्टमर केअर,

चॅटवर तीनदा सांगून झालं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं, म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतोय. ह्या वेळी शेवटपर्यंत वाचा.

मी निफाडचा. घरामागे द्राक्षबागेला लागून सिमेंटचा हौद आहे, आठ बाय पाच, अडीच फूट खोल, म्हणजे साधारण २८०० लिटर पाणी, वर उघडं आभाळ, हीटर बिटर काही नाही. ऑर्डरच्या आधी हे सगळं फोटोसकट तुमच्या माणसाला पाठवलेलं आणि थंडीचं मुद्दाम विचारलेलं, तर म्हणे "सर बिनधास्त घ्या, बाराही महिने बाहेर चालतात". आणि पॅकमधून निघालं काय, तर दहा मॉली, सहा एंजल, दोन सकर (तळाचं शेवाळ खाणारा मासा). मला तेव्हा यातलं कळत नव्हतं, पण विकणाऱ्याला तरी कळायला हवं ना, एंजल अ‍ॅमेझॉनकडचा मासा, त्याला पाणी पंचवीस अंशांच्या आसपास लागतं, मॉलीचंही तेच.

नोव्हेंबर बरा गेला. डिसेंबरअखेर पारा घसरला, एका पहाटे आम्ही बागेत शेकोट्या पेटवत होतो, थंडीने मणी तडकतात म्हणून, तिथून येता येता हौदावर बॅटरी मारली तर मॉली जागच्या जागी डुलतायत, ना पुढे ना मागे, आणि दोन एंजल आडवे. थर्मामीटर सोडला, पाणी ९. चार दिवसांत सगळे गेले, सकर सगळ्यात शेवटी.

आता गंमत बघा. त्याच हौदात आधीपासून पाच कॉमेट गोल्डफिश आहेत, नाशिकच्या दुकानातून साठ-साठ रुपयांना आणलेले. ते थंडीभर तळाशी गप्प बसून होते, आज टकाटक आहेत. मागच्या मे महिन्यात पाणी ३३ वर गेलं होतं तेव्हाही वर हिरवी जाळी आणि कारंज्याची मोटर एवढ्यावर निभावलं. ९ पण सोसायचं आणि ३३ पण, बाराही महिने म्हणतात ते ह्याला.

तुमच्या कार्डावर लिहिलंय वर्षभर दिवसातून दोनदा खाऊ घाला. पाणी दहाच्या खाली गेलं की गोल्डफिशलासुद्धा खाल्लेलं पचत नाही, उरलेला खाऊ तळाशी कुजून अमोनिया होतो, हे मला दुकानदाराने सांगितलं म्हणून मी वेळेत थांबलो, नाहीतर तेही गेले असते.

आणि उपाय म्हणून तुम्ही विकलं काय, ३०० वॅटचा हीटर! लिटरला एक वॅट हा साधा हिशोब धरला तरी माझ्या हौदाला २८०० वॅट लागतील, म्हणजे चोवीस तासांचे ६७ युनिट. बिल तुम्ही भरणार का? शिवाय रात्री लाईट असली तर.

अजून एक, हे पैशापेक्षा जास्त खटकलं. कार्डावर "सकर मोठा झाल्यास जवळच्या तळ्यात सोडावा" असं छापलंय. अहो माझ्या जवळचं तळं म्हणजे नांदूर मध्यमेश्वर, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालेलं. तिकडे उजनी धरणात सकरने मच्छीमारांची जाळी फाडून वैताग आणलाय आणि तुम्ही तो सोडायला सांगताय. ही ओळ आजच्या आज काढा.

"२४ तासांत मेले तरच गॅरंटी" हे मला पुन्हा ऐकवू नका. मासे जिवंतच आले होते, माझी तक्रार खोटं सांगून विकल्याची आहे. माशांचे २४१० आणि हीटरचे १४५० असे ३८६० रुपये परत हवेत, आणि प्रत्येक माशापुढे त्याला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती तापमान चालतं ते लिहा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार, तुमच्या माणसाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे.

हीटरचा बॉक्स फोडलेला नाही, न्यायला माणूस पाठवा, सकाळी दहानंतर, आधी आम्ही बागेत असतो.