समोरच्या वाड्यातल्या मुलास

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहीत नाही, तुला अवघडल्यासारखं होईल. तू गुजराती माध्यमात शिकलास, तेव्हा माझ्या जोडाक्षरांना अडखळशील. आईला मोठ्याने वाचायला सांग. खरं तर तोंडावरच आभार मानणार होते. पण मी वाक्य जुळवेपर्यंत तू ‘काय काकू, एवढ्याशासाठी’ म्हणत अर्धा जिना उतरलाही होतास. म्हणून हे उघडं पत्र. चार लोकांनी वाचलं तर वाचू देत.

आज सकाळी तुझ्या काकांनी मला अग्रलेख वाचून दाखवला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मधे दोनदा थांबले ते चहाच्या घोटासाठी. तुला वाटेल, यात काय मोठंसं? दिवाळीपासून त्यांनी फोनवर पेपर उघडणं बंद केलं होतं, रे.

त्यांचा कंपवात तुला माहीत आहे. छापील पेपर धरला की कागद थरथरतो आणि अक्षरं नाचतात, म्हणून फोन टेबलावर टेकवून वाचायची सवय लावली होती. तर त्यावर त्या जाहिराती. बातमीच्या दोन ओळी वाचाव्यात, की खालून एखादी सरकत वर येणार. तिच्या कोपऱ्यात तिळाएवढी फुली. ज्याचा हात स्थिर आहे त्याला ती फुली म्हणजे नुसती कटकट. यांचं बोट तिथे पोचेपर्यंत जरासं बाजूला जातं, आणि फुलीऐवजी जाहिरातच उघडते. मग तिच्यातून दुसरी. एकदा लाल पडदा आला, ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ आणि खाली भलंमोठं बटण. मी स्वयंपाकघरातून आले तर हे फोन लांब धरून बसलेले, तापलेलं भांडं धरावं तसे. म्हणाले, ‘राहू दे गं. जगाच्या बातम्यांवाचून माझं आता काय अडलंय?’

ते वाक्य माझ्या घशात अडकून बसलं होतं.

आधी काही केलं नाही असं नाही. एका दुकानात गेलो. त्या गृहस्थाने फोन हातात घेतला, सहाशे रुपये घेतले आणि सफाईचं म्हणून एक अ‍ॅप टाकून दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते अ‍ॅपच जाहिराती दाखवायला लागलं, फुलीसकट! शिवाय फोन हातात होता तेवढ्यात फोटोंवरून अंगठा फिरवत ‘हा नातू का?’ म्हणून विचारलंही. नेटवाल्यांच्या हेल्पलाइनवर बाई गोड बोलल्या. पाच वेळा राउटर बंद करून चालू करायला लावला. आणि आमचा पुतण्या, एवढा मोठा आयटीतला, फोनवर म्हणतो, ‘काका, तुम्ही कशाला कुठेही हात लावता?’ ज्याचा हात ऐकत नाही त्याला हे सांगायचं. असो. पुतण्या आहे, दिवाळीला येईल, तेव्हा त्यालाही चकल्या मिळतीलच.

तू आलास तो पाण्याच्या मोटरची किल्ली मागायला. काका खिडकीकडे तोंड करून बसलेले पाहिलेस, टेबलावरचा फोन पाहिलास आणि दारातूनच म्हणालास, ‘काकू, याला अ‍ॅप नको. पत्ता विचारायची जागा बदलू.’

माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं की काही कळलेलं नाही. मग मी वाचनालयात होते हे तुला आठवलं आणि तू खणांच्या पेटीवर आलास, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते सांगणाऱ्या कार्डांच्या पेटीवर. त्याबद्दल तुला शंभरपैकी शंभर. फोनला नुसतं नाव कळून भागत नाही, त्याला आकड्यांतला पत्ता लागतो. म्हणून तो दर वेळी आधी कुणाला तरी विचारतो, ‘अमुक साइट कुठल्या कपाटात?’ हे सांगणारा म्हणजे डीएनएस. एक पान उघडलं की फोन एक प्रश्न विचारून थांबत नाही, त्या पानावरच्या जाहिराती जिथून येतात त्या जागांचेही पत्ते विचारतो. आपण विचारायचं अशा ठिकाणी, जिथल्या माणसाकडे जाहिरातवाल्यांच्या नावांची यादी आहे. त्यातलं नाव आलं की तो ‘शून्य शून्य शून्य शून्य’ असा पत्ता देतो. म्हणजे कपाटच नाही. पुस्तक येणार कुठून? फुली मारायचा प्रश्नच मिटला.

बडोद्यात हे कळायला फारसं अवघड नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून इथली वाचनालयं बसवून घेतली. त्या परंपरेत मी एकोणतीस वर्षं कार्डं लावली. तू गेल्यावर मी यावर थोडं वाचलं. पूर्वी जाळ्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या नावपत्त्यांची मिळून एकच यादी होती, स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत ठेवलेली, आणि ते काम एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंकडे होतं. नवं यंत्र जोडलं की त्यांच्याकडे कळवायचं, मग यादीत नोंद. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही यादी वाटून टाकणारी पद्धत काढली, तेच तुझं डीएनएस. मला त्या फाइनलरबाईंबद्दल उगाच आपुलकी वाटली. आमच्याच जातकुळीच्या.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र पुढच्या अर्ध्या मिनिटासाठी आहे.

असे पत्ते सांगणाऱ्यांपैकी तू स्वतः नेक्स्टडीएनएस वापरतोस. त्यात हवं ते बंद करता येतं म्हणालास आणि ‘माझ्याच खात्यावर तुम्हाला पण लावून देतो, फुकटात होईल’ म्हणून सुरुवातही केलीस. मग थांबलास. म्हणालास, ‘नको काकू. यात कुठल्या साइट्स विचारल्या त्याची यादी येते. माझ्या खात्यावर लावलं तर ते मला दिसेल.’

मी हसले. म्हटलं, ‘दिसू दे की रे. आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं काय झाकायचं?’

तू मान हलवलीस. ‘झाकायचं नाही, पण बघायचं माझं काम नाही ना.’ आणि अ‍ॅडगार्ड नावाच्या दुसऱ्या सेवेचा, खातंबितं न लागणारा पत्ता निवडलास. फोन मात्र शेवटपर्यंत माझ्याच हातात ठेवलास. सेटिंग कुठे आहे ते बोटाने लांबून दाखवत होतास.

वाचनालयाच्या खिडकीवर बसणाऱ्याला सगळं कळतं. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेणारी बाई, कर्करोगावरचं पुस्तक नेणारे गृहस्थ, रोज तेच प्रेमकवितांचं पुस्तक पुन्हा पुन्हा नेणारा पोरगा. नोंदवही उघडीच असायची आणि रांगेतला मागचा माणूस मान उंच करायचा. मी पानावर डावा तळवा ठेवून लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं. निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली, तो तळवा मीही विसरले होते. तू तो माझ्या पानावर ठेवलास.

आणि झाकायचं काही नाही म्हणाले ते खोटंच होतं. हे झोपले की रात्री दोनला मी फोन घेऊन बसते. काय काय उघडते ते इथे लिहीत नाही. पण साइटींच्या नुसत्या नावांवरूनही शहाण्या मुलाला कळलं असतं, आणि मग तू जिन्यात भेटलास की तुझ्याकडे पाहणं मला जड गेलं असतं.

फोनचे हे पत्ता विचारायचे प्रश्न इतकी वर्षं पोस्टकार्डासारखे उघडे जात होते, वाटेतल्या कुणालाही वाचता येतील असे, हेही तूच सांगितलंस. लिफाफ्यात घालायची पद्धत २०१६ मध्ये ठरली आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ती सोय फोनमध्येच आहे, ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाने. म्हणजे सहाशे रुपये घेणाऱ्याच्या बोटाखालीच होती. त्याला ठाऊक नव्हती की ठाऊक असून फायद्याची नव्हती, देव जाणे.

दुसरं मला आवडलं ते हे, की तू फुगवून सांगितलं नाहीस. यूट्यूबच्या जाहिराती जाणार नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच घरातून येतात, हे आधीच बोललास. आपण कुठे जातो याचा अंदाज नेटवाल्याला तरीही बांधता येतो, आणि प्रश्नांची वही आता अ‍ॅडगार्डवाल्यांच्या हाती गेली, म्हणजे विश्वास कुणावर तरी ठेवावाच लागतो, हेही बोललास. स्टेशनवरचं फुकट वायफाय अडेल, तेव्हा हे घटकाभर बंद करायचं, तेही. विकणारा माणूस यातलं एक वाक्य बोलला असता का? कलाभवनात इंजिनिअरिंगबरोबर हे शिकवत असतील असं वाटत नाही. आईकडून आलं असणार. पत्र वाचून दाखवताना इथे त्या थांबतील, थांबू देत.

कॉम्प्युटरचं तू दुसऱ्या दिवशी येऊन केलंस, त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. ‘थई गयुं’ म्हणालास आणि क्रिकेटला पळालास.

माझ्याकडे रद्द झालेल्या कार्डांचा गठ्ठा आहे, खाली सळईचं भोक असलेली. मी त्यांवर वाण्याची यादी करते. त्यातल्याच एकाच्या पाठीवर तू तो पत्ता लिहून दिलास, इंग्रजी अक्षरांखाली देवनागरीत: डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम. परवा नणंद आली होती, तिच्या फोनवर तीच सरकती जाहिरात. कार्ड काढलं आणि मीच लावून दिलं. म्हणजे, तिच्याच हातात फोन ठेवून लांबून बोट दाखवलं. पहिल्या खेपेला झालं नाही. मधल्या आडव्या रेघेच्या जागी तिने टिंब दिलं होतं. दुसऱ्या खेपेला लागलं.

काकांनी विचारलंय, बुद्धिबळ येतं का तुला. सोंगट्या ते पाडतात, त्या उचलून पुन्हा जागेवर ठेवाव्या लागतील.

तुझी,
समोरची काकू
दांडिया बाजार, बडोदे