संद्यास, गेटच्या अभ्यासाबद्दल

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय संद्या,

तुझं गेटचं, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाचं, टाइमटेबल बघितलं. पहाटे पाच ते सात थर्मोडायनॅमिक्स, रात्री नऊ ते अकरा फ्लुइड मेकॅनिक्स. लेका, शिरोलीच्या फाउंड्रीत तुझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, हे लिहिताना आठवलं नाही का? पहिल्याच नाइट शिफ्टला ते टाइमटेबल झोपणार. तासांचं सोड. या आठवड्यात काय संपवायचं एवढंच ठरव, मग ते पहाटे होऊ दे नाहीतर दुपारी.

आणि सुरुवात थर्मोपासून नको. आधी एक जुना पेपर घड्याळ लावून सोडव, काही वाचलेलं नसतानाच. तीन तास, ६५ प्रश्न, १०० मार्क. मार्क पडतील तेवढे पडू देत. कुठला विषय पार पुसला गेलाय आणि कुठला अजून हाताशी आहे, ते त्यातनं कळेल, आणि प्लॅन त्यावरनं करायचा. मेकॅनिकलला जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे १५ आणि मॅथ्सचे १३ मार्क असतात. एकूण २८! आपली पोरं एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपराच्या, धसक्यानं मॅथ्स शेवटाला ठेवतात आणि मग ते राहूनच जातं. तू तेच पहिलं घे.

कास्टिंगला, म्हणजे धातूच्या ओतकामाला, मात्र तू क्लासवाल्यांनाही शिकवशील. च्वोरिनोव्हचा नियम आठवतोय? धातू गोठायला लागणारा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात. रायझर, म्हणजे गोठताना आकसणाऱ्या कास्टिंगला धातू पुरवणारा साठा, कास्टिंगच्या आधी गोठला की पीस रिजेक्ट, ही तुमची रोजचीच कटकट. पेपरात तीच आकड्यांत विचारतात. असले मार्क सोडलेस तर बोलणार नाही तुझ्याशी.

निगेटिव्हला उगाच घाबरतोस. चार पर्यायांच्या एका मार्काच्या प्रश्नाला चुकलं तर एक तृतीयांश कापतात, दोन मार्कांच्याला दोन तृतीयांश. डोळे झाकून ठोकलंस तर सरासरीनं हातात शून्य. पण एक जरी पर्याय खात्रीनं खोडता आला, तरी ठोकणं फायद्याचं. आकडा टाइप करायच्या आणि एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात त्या प्रश्नांना निगेटिव्ह नाहीच, ते कोरे ठेवायचे नाहीत. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच, माउसनं दाबायचा. घरी आपला कॅसिओ वापरत बसलास तर तिथं बोटं चुकतील.

क्लासची सगळी फी आत्ताच भरू नकोस. निदान तो पेपर होईपर्यंत थांब. टेस्ट सिरीज मात्र घे. नोकरी सोडायचा विचारही सध्या बाजूला ठेव, स्कोअर तीन वर्षं चालतो आणि घरचे हप्ते तुझ्याच पगारावर आहेत. एम.टेक.चं नक्की झालं की राजीनामा लिहायला पाच मिनिटं लागतात.

सुट्टीच्या दिवशी पेपर सोडव आणि चुकलेले प्रश्न घेऊन माझ्याकडे ये. बरोबर आलेले दाखवू नकोस, त्यात मला रस नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या