मंत्रीसाहेब, आमच्यासाठी बूस्टर हा जादाचा डोस नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी डोंबिवलीकर, पन्नाशी नुकतीच ओलांडलीय, आणि २०१६ पासून माझ्या पोटात उजवीकडे खाली आईची किडनी आहे. रोज सकाळी ९ आणि रात्री ९ ला मोबाईलचा अलार्म वाजतो, की टॅक्रोची, म्हणजे टॅक्रोलिमसची कॅप्सूल. लग्नाच्या पंगतीत असो, लोकलमध्ये असो, वाजला की घ्यायची. कारण शरीराला आई-बिई काही कळत नाही, त्याच्या लेखी परकं ते परकं, आणि गोळ्या बंद केल्या की ते किडनीवर तुटून पडणार.

गोळ्या काय करतात ते आमच्या सोसायटीच्या भाषेत सांगतो. घरी पाहुणा, म्हणजे आईची किडनी, कायमचा राहायला आलाय आणि वॉचमन, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती, त्याला रोज हाकलतोय, म्हणून आपण वॉचमनला अर्धवट झोपेचं औषध देऊन ठेवलंय. टॅक्रोलिमस टी पेशींना, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना गप्प बसवतं, मायकोफेनोलेट अशा पेशींची वाढच रोखतं, वर थोडं स्टेरॉइड. पाहुणा सुखात. आता लस म्हणजे काय, तर वॉचमनला चोराचा फोटो दाखवणं. पेंगुळलेल्या माणसाला एकदा फोटो दाखवून काय होणार? तीन तीन वेळा दाखवावा लागतो आणि मग त्याला लक्षात राहिलाय का तेही विचारावं लागतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर, पण पत्र लिहायला बसलोय तर पूर्ण सांगतो.

मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना कोविडची लस सुरू झाली तेव्हा केंद्राने २० आजारांची यादी दिली होती, त्यात किडनी-लिव्हर ट्रान्सप्लांटवाले होते. मी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म घेऊन रांगेत उभा राहिलो, एप्रिलअखेर दोन्ही डोस कोविशिल्डचे झाले. मग १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांना लोकल उघडली. मला पास मिळाला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलेली अँटीबॉडीची टेस्ट आली होती, निगेटिव्ह. म्हणजे एका कागदावर मी सुरक्षित, दुसऱ्यावर पाटी कोरी, आणि दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी प्लॅटफॉर्मवर उभा. तीन गाड्या सोडल्या, चौथीत चढलो. नोकरी आहे ना.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. फ्रान्समध्ये तुलूझच्या डॉक्टरांनी १०१ ट्रान्सप्लांटवाल्यांना तीन डोस देऊन पाहिले. पहिल्या डोसनंतर अँटीबॉडी सापडल्या फक्त ४ टक्के लोकांत, दुसऱ्यानंतर ४० टक्के, तिसऱ्यानंतर महिनाभराने ६८ टक्के. निरोगी लोकांत दोन डोसमध्येच जवळपास सगळ्यांना येतात. त्यांची लस फायझरची होती, आपली कोविशिल्ड, म्हणून आकडे जसेच्या तसे लागू करू नका, पण दिशा तीच. आणि तिसऱ्या डोसनंतरही तिघांतला एक कोराच राहिला हे विसरायचं नाही. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने १२ ऑगस्ट २०२१ ला आमच्यासारख्यांना तिसरा डोस मंजूर केला, मी पास काढायच्या तीन-चार दिवस आधी.

आपल्याकडे काय झालं? १० जानेवारी २०२२ ला प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस आला, तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि आजार असलेले साठीच्या पुढचे यांना. मी तेव्हा ४७ चा. सेंटरवर गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "दादा, ॲपच घेत नाही हो, मी काय करू?" त्यांचा काय दोष. मग १० एप्रिलपासून १८ च्या वरच्यांना मिळाला तो खासगीत, सव्वादोनशेची लस आणि वर दीडशेपर्यंत सर्व्हिस चार्ज. रक्कम मोठी नाही, मी भरली, आणि त्या डोसनंतर माझ्या अँटीबॉडी पहिल्यांदा दिसल्या. पण मार्च २०२१ च्या यादीत आम्ही होतो, मग दहा महिन्यांत साठीच्या आतल्यांचा आजार गेला कुठे? तुम्ही म्हणाल हे दिल्लीचं काम होतं. मान्य.

पण आता जे सांगतोय ते दिल्लीचं नाही.

गेल्या महिन्यात माझा हिपॅटायटिस बी चा टायटर, म्हणजे रक्तात त्या लसीच्या अँटीबॉडी किती उरल्यात त्याचा आकडा, आला ४. किमान १० लागतो. डायलिसिसवर असताना मी हीच लस चार डोसांत घेतलीय, प्रत्येक वेळी ४० मायक्रोग्रॅम, निरोगी माणसाच्या दुप्पट, तेव्हा टायटर चांगला होता. तो हळूहळू उतरला आणि मला कुणी बोलावलं नाही, मीच जुनी फाइल चाळताना तारीख पाहिली आणि लॅबमध्ये गेलो. आमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर विचारलं तर सहा जणांपैकी दोघांना टायटर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. एकाने तर ऐकीव माहितीवर सांगितलं की लसीआधी आठवडाभर मायकोफेनोलेट बंद ठेवायचं म्हणजे लस चांगली लागते! अहो, असं स्वतःच्या मनाने करून किडनी रिजेक्ट झाली तर काय करणार?

२०२३ मध्ये जन आरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केलीत, त्याबद्दल मनापासून आभार, त्यातून माणसं वाचतात. मग तेवढे पैसे घालून बसवलेली किडनी टिकवायला लसींचं पण बघा. हिपॅटायटिस बी चा टायटर दरवर्षी, कमी आला तर बूस्टर, फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची वेळेवर, आणि नागिणीची, जिच्या एका डोसलाच हजारो रुपये लागतात, हे सगळं योजनेत स्पष्ट लिहून घ्या. घरच्या माणसांनाही फ्लूची द्या, कारण माझी लस लागली नाही तर माझ्याभोवती तीच भिंत. आणि ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवर नाव येतं तेव्हाच लसींचं कार्ड हातात द्या, ऑपरेशनआधी वॉचमन थोडा तरी जागा असतो, आणि गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी नंतर सहसा देता येत नाहीत.

कोविडच्या अँटीबॉडीचा अमुक आकडा आला की बिनधास्त, असं काही नाही हे मलाही माहीत आहे, टी पेशींचं काम त्या टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून सगळ्यांच्या सगळ्या टेस्ट करत बसा असं मी म्हणत नाही. हिपॅटायटिसला मात्र १० चा आकडा ठरलेला आहे. तिथे निदान कुणीतरी आम्हाला फोन करून बोलावावं.

माझा बूस्टर येत्या मंगळवारी आहे, पैसे भरलेत. फाइल बघायची असेल तर मंत्रालयात घेऊन येईन, मास्क लावून, सकाळी ९ च्या कॅप्सूलनंतर कधीही.

आपला,
डोंबिवलीचा एक किडनीवाला