पळत्याचा फोटो काढायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

सायकल शर्यतीच्या वळणावर तुम्ही स्वतःचं काम सांभाळून एका अनोळखी माणसाला शिकवत उभ्या राहिलात. तुमचे आभार नीट मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं मैदानावर, रस्त्यावर, पाण्याकाठी कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या कोणाच्याही कामी येईल.

तुम्ही सुरुवात कॅमेऱ्यापासून केलीच नाहीत. "आधी चार जण नुसते जाऊ द्या, बघा," म्हणालात. मग दिसायला लागलं. वळण आलं की सायकलस्वार पाय मारणं थांबवतो, आतल्या बाजूचं पायडल वर घेतो, म्हणजे ते रस्त्याला घासत नाही. अंग आत झुकतं, पण नजर वळणाच्या पलीकडे असते. वळण सरता सरता तो सीटवरून उठतो आणि जोर लावतो. थोड्याफार फरकाने प्रत्येक जण हेच करतो. म्हणजे फोटो कुठे मिळणार, हे तो येण्याआधीच ठरलेलं असतं! डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत पाव सेकंद सहज जातो, आणि ताशी ४० किलोमीटरने जाणारी सायकल तेवढ्यात जवळजवळ तीन मीटर पुढे निघून जाते. दिसलं म्हणून दाबायचं नाही, होणार आहे म्हणून दाबायचं. हे मला दुसऱ्या कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

शटर स्पीडचे, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा कितवा भाग उघडा राहतो त्याचे, आकडे तुम्ही पाठ करायला लावले नाहीत, त्यामागचं कारण सांगितलंत. वेग धरायचा तो फ्रेममधला, म्हणजे चौकटीत माणूस किती झपाट्याने सरकताना दिसतो तो. समोरून अंगावर येणारा धावपटू १/५०० लाही बऱ्यापैकी स्वच्छ मिळतो, तोच आडवा गेला तर १/१००० हवा, आणि लांब लेन्सने फ्रेम भरून घेतला तर त्याहून जास्त. उडत्या पक्ष्याच्या पंखांना १/२००० पासून पुढे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, धावणाऱ्याचे पाय थांबवत नाही, हेही तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं. शटर दुप्पट वेगवान केला की प्रकाश निम्मा होतो, मग ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) उघडा, नाहीतर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवा. "दाणे चालतील, हललेला चेहरा नाही चालणार," हे आयएसओ चढवल्यावर फोटोत उठणाऱ्या ठिपक्यांबद्दलचं तुमचं वाक्य ढगाळ दिवशी फार धीर देतं. ढग येत-जात असतील तर शटर आणि ॲपर्चर आपण ठरवून आयएसओ ऑटोवर सोडावा, हेही तुमचंच.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवायचा आणि माणूस फ्रेममध्ये मोठा होण्याआधीपासून त्याला धरून राहायचं. उंच उडीला मात्र वेगळी युक्ती. उडीच्या माथ्यावर वर जाणं संपलेलं असतं आणि खाली येणं सुरू झालेलं नसतं. तो क्षण साधला तर उजेड कमी असूनही थोडा संथ शटर निभावून जातो.

बर्स्टबद्दल, म्हणजे एका दमात एकामागोमाग फोटो घेण्याबद्दल, मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. बोट दाबून ठेवू नका, दोन-तीन फ्रेमचे छोटे तुकडे घ्या, असं तुम्ही म्हणता, आणि सायकलींसाठी ते पटतं. पण पक्षी किंवा घोडा असेल तर मी लांब बर्स्ट घेतो. १८७८ साली छायाचित्रकार मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले, तेव्हा चारही पाय जमिनीवरून सुटलेले दिसले. तेही चित्रकार रंगवत तसे पुढे-मागे ताणलेले नव्हते, पोटाखाली गोळा झालेले होते. इतकी वर्षं घोडे बघणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटलं होतं. काही हालचाली कितीही बघितल्या तरी डोळ्याला सापडत नाहीत.

सगळ्यात मोठं देणं पॅनिंगचं, म्हणजे पळत्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेण्याचं. सगळंच गोठवलं की धावती सायकल जागेवर उभी केल्यासारखी दिसते, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा मी १/२००० च्या मोहातून सुटलो. १/६० किंवा त्याहून कमी शटर. पाय जिथे बटण दाबायचं त्या दिशेला रोवलेले, कोपरं अंगाशी, कमरेतून वळायचं. सायकल लांब असतानाच तिच्या मागे लागायचं, बटण हलकेच दाबायचं आणि दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. मागची झाडं रेघा होऊन पळतात, चाकांच्या तारा पुसल्या जातात आणि चेहरा तेवढा लख्ख राहतो. असा पहिला फोटो स्क्रीनवर पाहताना झालेला आनंद सर्वस्वी तुमचा आहे, ताई.

अलीकडचे काही फोटो वेगळे पाठवतोय. १/६० ला चेहरा हुकमी मिळतो, १/३० ला वेग सुंदर दिसतो पण चेहरा हातचा जातो. यातलं कुठलं धरून सराव वाढवू, तेवढं सवडीने कळवा.

तुमचा ऋणी,
वळणावरचा विद्यार्थी