प्रत्येक रकाना समजावून सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टनमधल्या सामुदायिक आरोग्य केंद्रात आपण माझ्या धाकट्या बहिणीला जी मदत केलीत, तिच्याबद्दल हे जाहीर पत्र लिहीत आहे. आपले आणि केंद्राचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

मेहुण्यांची नोकरी गेली, दुसरी शोधण्यासाठी मिळणारे ६० दिवसही सरले आणि दोघांचे स्टेटस, म्हणजे अमेरिकेत राहण्याची कायदेशीर परवानगी, संपले, तेव्हा बहीण गरोदर होती. विमा तर गेलाच होता. शिवाय दवाखान्यात नाव नोंदवले की ते इमिग्रेशन खात्यापर्यंत पोहोचेल, या धास्तीने तिने तपासण्याही थांबवल्या होत्या.

धीर देणारी माणसे आमच्याकडे पुष्कळ होती. आपण मात्र कायदा काय देतो आणि कुठे थांबतो, हे सांगितलेत. मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे घेणाऱ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाने, आलेल्या माणसाकडे पैसे वा कागदपत्रे असोत वा नसोत, त्याची तपासणी करून प्रकृती स्थिर केलीच पाहिजे, असा १९८६ चा केंद्रीय कायदा आहे, हे आम्ही ऐकून होतो; पण ते उपचार फुकट नसतात, बिल येतेच, आणि गरोदरपणातल्या नियमित तपासण्या त्यात बसत नाहीत, हे आपल्याकडून कळले. १९९६ च्या कायद्यानेही कागदपत्रे नसलेल्यांना मेडिकेडपासून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यापासून, दूरच ठेवले आणि आपत्कालीन उपचारांपुरतीच सवलत ठेवली. टेक्सासमध्ये मात्र जन्माला येणाऱ्या बाळासाठी चिप पेरिनेटल ही योजना आहे, तिला उत्पन्नाची अट आहे पण आईच्या स्टेटसची नाही, ही माहिती तिला त्याआधी कोणीही दिली नव्हती. त्याच योजनेतून तिच्या तपासण्या पुन्हा सुरू झाल्या, रक्तातली वाढलेली साखर वेळेवर लक्षात आली आणि बाळंतपण सुखरूप पार पडले.

अर्ज भरतानाची आपली पद्धत मी विसरणार नाही. प्रत्येक रकाना कशासाठी आहे, तो कोणी भरायचा आणि कोणी रिकामा ठेवला तरी चालतो, हे आपण घाई न करता समजावलेत. घरातली जी व्यक्ती स्वतःसाठी लाभ मागत नाही, तिला आपले स्टेटस सांगण्याची गरज नसते, हे ऐकल्यावर मेहुण्यांनी प्रथमच पेन हातात घेतले. १ नोव्हेंबर २०२४ पासून टेक्सासच्या रुग्णालयांत नागरिकत्वाविषयी प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर न देण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि त्यामुळे उपचार अडत नाहीत, याचीही आपण तिला आधीच कल्पना दिलीत, म्हणून प्रसूतीच्या वेळी तो प्रश्न आला तेव्हा ती गांगरली नाही.

आपण धोकेही झाकून ठेवले नाहीत, आणि माझ्या मते आपले सर्वांत मोठे उपकार हेच आहेत. रुग्णालयांसारख्या ठिकाणी इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी शक्यतो अटक करू नये, हे धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतले गेले आणि त्याच वर्षी काही राज्यांतल्या मेडिकेड लाभार्थ्यांची माहिती इमिग्रेशनची कारवाई करणाऱ्या गृहसुरक्षा खात्याकडे गेली, हे आपण स्पष्ट सांगितलेत, ज्याची हमी देता येत नव्हती ती दिली नाहीत, आणि निर्णय बहिणीवर सोपवलात. स्टेटस नसलेल्या माणसाकडे एक तर कीव करत पाहिले जाते, नाही तर संशयाने. आपण तिला स्वतःचे भले समजणारी बाई मानलेत. तिने विचार करून अर्ज केला, आणि तो निर्णय तिचा स्वतःचा होता.

त्यानंतर पोषण आहाराची विक योजना, जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्या बाळाचे स्वतंत्र मेडिकेड, केंद्रातली उत्पन्नानुसार ठरणारी फी, ही सगळी कामे आपण नेहमीचीच असल्यासारखी पार पाडलीत. आपल्यासाठी ती नेहमीची असतील, आमच्यासाठी नव्हती.

आपण हाताने लिहून दिलेला माहितीचा कागद बहिणीने आता ओळखीतल्या आणखी एका कुटुंबाला दिला आहे. नियम बदलत राहतात म्हणून आपण त्यावर तारीख घातली होती. ती आधी पाहा आणि पुढचे ताईंनाच विचारा, असे तिने त्यांना बजावले आहे. ते लवकरच आपल्याकडे येतील.

आपली कृतज्ञ,
बाळाची मावशी