मेपलच्या नेकवरचा डॉट आणि मिरजेचे कारागीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांवर लेख येतो आणि त्याचा सूर ठरलेला असतो, कला संपत चाललीये, पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत, सरकारने लक्ष घालावं वगैरे. खोटं नाहीये ते. २०२४ मध्ये जीआय मानांकन (त्या गावचीच खासियत म्हणून मिळणारी सरकारी ओळख) मिळालं तेव्हाही फोटोंच्या खाली हाच मजकूर होता. मला त्यात एक वेगळंच प्रकरण घालायचंय, इलेक्ट्रिक गिटारचं. पत्र जरा लांबेल, जागा नसेल तर माझं रडगाणं कापा पण डॉट कसा बसवला तो भाग कापू नका प्लीज.

माझ्याकडे बारा-तेरा वर्षांपूर्वी घेतलेली सेकंडहँड गिटार आहे, नेक (म्हणजे हातात धरायचा दांडा) आणि फ्रेटबोर्ड (त्याच्यावरची, बोटं दाबायची बाजू) दोन्ही मेपलचं, म्हणजे पिवळसर गोरं लाकूड, त्यावर चकचकीत पॉलिश आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या अशा घरांत काळे गोल डॉट. बाराव्या घरात दोन. हातांना जागा कळावी म्हणून असतात ते, बाकी आवाजाशी त्यांचा काही संबंध नाही. तर मागच्या पावसाळ्यात तारा बदलताना बाराव्या घरातला एक डॉट निघून पडला. आधीपासून कडेने पॉलिशला बारीक चीर दिसत होती, मी दुर्लक्ष केलं. पडला तो सोफ्याखाली की कुठे, झाडू मारून झाला, सापडला नाही.

ऑनलाइन सहा मिलिमीटरचे काळे डॉट मागवले, आले, आणि भोकात खुळखुळायला लागले. मग मोजलं तर भोक पाव इंचाचं, म्हणजे ६.३५. पाव मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त फरक, कोण बघतंय, असं वाटेल. शिसवीच्या फ्रेटबोर्डवर खरंच कोणी बघत नाही, शिसवीचाच भुसा गोंदात कालवून फटीत दाबला की काम झालं. मेपलवर ती फट अंगठीसारखी दिसते. गोऱ्या लाकडावर काहीच लपत नाही हो, ना फट, ना गोंद, ना भुसा.

म्हणून पुण्यात गेलो होतो तेव्हा एका दुकानात दाखवली. नाव नको. तिथल्या मुलाने "दहा मिनटात करतो सर" म्हणून भोकात सुपरग्लू ओतला आणि वर काळ्या मार्करने रंग दिला. शाई लाकडाच्या रेषेरेषेने बाहेर पसरली, सुपरग्लू पॉलिशवर ओघळला, तो काढायला त्याने पॉलिश पेपर घेतला आणि बोटभर जागेतलं पॉलिशच उडवलं, खाली कोरडं लाकूड. हे सगळं माझ्यादेखत, आणि मी काय करत होतो तर चहा पीत होतो. शेवटी मालक आले, बघितलं आणि म्हणाले नेक बदलून टाका, चौदा हजारात येईल.

आता नेक बदला हा सल्ला अगदीच अधांतरी नाही हे मान्य. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरने या पद्धतीची गिटार बाजारात आणली तेव्हा नेक स्क्रूने जोडलेला ठेवला, खराब झाला तर सोडवायचा आणि दुसरा लावायचा. सुरुवातीला फ्रेटबोर्ड वेगळा चिकटवायची भानगडच नव्हती, मेपलच्या एकाच तुकड्यात थेट फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकलेले आणि काळे डॉट बसवलेले. नेक पिळला असेल, वाकला असेल तर बदला की. पण शेंगदाण्याएवढ्या डॉटपायी?

महिनाभर गिटार तशीच पडून. वाजवली की त्या उघड्या लाकडात बोटांचा मळ बसून ते राखाडी व्हायला लागलं. मी राहतो सांगलीत, मिरज म्हणजे शेजारची खोली, आणि तरी मला सुचलं नाही. बायको म्हणाली, तंबोऱ्यावर एवढी पानं-फुलं जडवतात ती माणसं, त्यांना एक टिकली बसवता येणार नाही का. मी आधी हसलो. मग गेलो सतारमेकर गल्लीत.

ज्या काकांकडे गेलो त्यांनी मेपल हातात घेतलं नव्हतं कधी. त्यांच्याकडे तून, शिसवी. त्यांनी गिटारकडे पाच मिनटं नुसतं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वर लावलंय काय याच्या?" मला काय माहीत. मग त्यांनी नेक सोडवायला लावला, आतल्या बाजूला जिथे कोणाला दिसणार नाही तिथे कापसाने स्पिरिट घासलं, बोट लावून बघितलं, चिकट लागत नाही. म्हणजे स्पिरिटात विरघळणारी चपडा लाख नाही. मग थोडं थिनर. त्यानेही विरघळेना. "म्हणजे याच्यावर नवीन लावलं तर जुन्यात मिसळणार नाही, वर नुसतं बसून राहील, कडेला रेघ दिसेल, ती घासून घासून घालवावी लागेल, वेळ लागेल, चालेल?" दुकानातल्या मुलाने यातला एक प्रश्न विचारला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

शाईचा डाग खरवडून जाईना, आत गेला होता. तर काका म्हणाले डाग काढायचा कशाला, कापून टाकू. भोक सात मिलिमीटरचं करायचं, डागाची कड भोकात जाईल, आणि शेजारचा चांगला डॉटही काढून तोही सातचाच करायचा म्हणजे जोडी सारखी दिसेल. मला पटायला वेळ लागला, चांगला डॉट कशाला छेडायचा असं वाटत होतं, पण बरोबर त्यांचंच होतं. ड्रिलचं साधं पातं नाही लावलं त्यांनी, मधे टोक आणि कडेला धार असलेलं लाकडाचं पातं, कारण साधं पातं सुरुवातीला घसरतं आणि पॉलिशचे टवके उडवतं. पात्याला दोन मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली, पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. (बाकीचे डॉट मधोमध असतात आणि त्यांच्याखालून नेकमधली लोखंडी सळई जाते, तिथे हात आणखी जपून. बाराव्या घरातले दोन बाजूला असतात म्हणून निभावलं.)

डॉट त्यांनी घरीच केले. आबनुसाची काडी तासून, लोखंडी पट्टीला सातचं भोक पाडून त्यातून ठोकत ठोकत पार केली, पलीकडून निघाली ती एकदम गोल. त्याच्या चकत्या कापल्या. काडीच्या तोंडाकडून बघितलं तर आबनूस आडव्यापेक्षा जास्त काळं दिसतं हे मी पहिल्यांदा बघितलं, शेजारी प्लास्टिकचा डॉट करडा वाटायला लागला. बसवायला अराल्डाइट, आणि चकत्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर ठेवल्या, रात्रभर सुकवलं.

आणि मग माझ्या मते सगळ्यात हुशारीचं काम. चकत्या घासायच्या आधी त्यांनी उघड्या पडलेल्या मेपलवर सुपरग्लूचा पातळ हात दिला, हो तोच सुपरग्लू ज्याने वाट लावली होती, कारण आबनुसाची काळी पूड एकदा का कोरड्या गोऱ्या लाकडात शिरली की संपलं. घासायला ठोकळा लागतो तो सपाट चालत नाही, फ्रेटबोर्डला गोलाई असते. त्यांनी पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून फ्रेटबोर्डवरच अंथरला आणि लाकडाचा तुकडा त्यावर घासला, तुकड्याला आपोआप तीच गोलाई आली. तुकडा पंधरा मिलिमीटर रुंद, कारण अकराव्या आणि बाराव्या फ्रेटमध्ये जागाच एकोणीसची असते. नंतर खळगा भरेपर्यंत सुपरग्लूचा थेंब, सुकवा, परत थेंब. चढलेला भाग दाढीच्या ब्लेडने खरवडला, ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, म्हणजे फक्त मधला भाग कापतो आणि आजूबाजूला ओरखडा जात नाही. शेवटी हजार, पंधराशे, दोन हजार नंबरचा पेपर आणि गाडीचं रबिंग पॉलिश. उजेडात तिरकी धरली तर अजून एक रेघ दिसते मला. बाकी कोणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही.

तीन दिवसांच्या येऱ्याझाऱ्या आणि सहाशे रुपये. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

संपादक साहेब, आज सांगली, कोल्हापूर, पुण्यात किती पोरांकडे गिटार आहेत बघा, आणि डॉट पडला, पॉलिश उडालं, तारा टेकतात ती हाडाची पट्टी तुटली की जायचं कुठे हे कोणालाच माहीत नाही. आणि इकडे गल्लीत ज्यांच्या हातात हे सगळं आहे ते गिऱ्हाईकाची वाट बघतात. गिटारवाले आणि तंबोरेवाले एकमेकांच्या दुकानाची पायरी चढत नाहीत, मीही चढलो नव्हतो. पुढचा लेख कराल तेव्हा कला संपतेय हे लिहाच, पण कारागिरांना हेही विचारा की गिटार आणून दिली तर कराल का, आणि जे हो म्हणतील त्यांची यादी छापा. दुकानदारांना एवढंच सांगणं, येत नसेल तर येत नाही म्हणा, राग येत नाही त्याचा.

काकांना मी निघताना विचारलं होतं, फ्रेट पण झिजलेत, ते बदलून द्याल का. त्यांनी फ्रेटवरून नख फिरवलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "सतारीचे पडदे बांधलेले असतात, सरकतात. हे लाकडात ठोकलेत. आधी एखादा भंगार नेक आणून द्या, त्याच्यावर शिकतो, मग तुमच्याला हात लावतो." भंगार नेक शोधतोय. कोणा वाचकाकडे असेल तर पेपरमार्फत कळवावं.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली